‘इन्व्हेस्टमेंटसाठी बघतोय’

पुण्यात फ्लॅट बघायला निघालेला माणूस दोनपैकी एका वाक्याने सुरुवात करतो. ‘राहायला हवंय’ म्हणणारा ओट्याची उंची बघतो, पाणी किती वाजता येतं विचारतो, खिडकी उघडून रस्त्याचा आवाज ऐकतो. ‘इन्व्हेस्टमेंटसाठी बघतोय’ म्हणणारा यातलं काहीच करत नाही. हॉलच्या मधोमध उभं राहून तो एकच विचारतो, ‘काय वाटतं तुम्हाला, वाढेल ना?’ या प्रश्नाचं उत्तर देण्याचे पैसे आता मला मिळतात, म्हणजे मिळायला हवेत. उत्तर नेमकं काय द्यायचं, याबद्दलचा माझा गोंधळ मात्र अजून संपलेला नाही.

मी मूळची सॉफ्टवेअर टेस्टर. पंधरा-सोळा वर्षं हिंजवडीत बसून दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या खोटी काढल्या आणि त्याचाच पगार घेतला. मग हळूहळू टीम आटत गेली. जे तपासायला आम्हा सगळ्यांना आठवडा लागायचा, ते स्क्रिप्ट रात्रीत करू लागल्या. एक दिवस एचआरने काही महिन्यांचा पगार आणि भरपूर शुभेच्छा हातात ठेवल्या. चाळिशी उलटली होती. नव्या मुलाखतींत समोरची पंचविशीतली मुलं फार आदराने विचारायची, ‘मॅम, तुम्ही एवढ्या सिनिअर, हे काम कराल का?’ त्या आदरात नकार स्पष्ट ऐकू यायचा.

हिंजवडीच्या कॅन्टीनमध्ये डबे उघडले की विषय ठरलेले असायचे: ऑनसाइट, मुलांच्या शाळेचे प्रवेश आणि फ्लॅट. मैत्रिणींच्या ॲग्रीमेंटमधली कलमं वाचून देणं, बिल्डरच्या कॉस्ट शीटमधली बेरीज तपासणं, ही कामं मी हौसेने करायचे. त्यातलीच एक म्हणाली, ‘हेच कर की आता. आम्हाला फुकट सांगतेस, लोकांना पैसे घेऊन सांग.’ मला ते पटलं. आकडे नीट मांडणाऱ्या माणसांची या धंद्यात वानवा असणार, म्हणजे आपल्याला जागा आहे, असा माझा साधा हिशोब. वानवा खरोखरच होती. ती का आहे, हे मात्र आत गेल्यावर समजलं.

घरी सासूबाई म्हणाल्या, ‘म्हणजे दलाली करणार का गं तू?’ नवरा म्हणाला, ‘आपल्या घराचा हप्ता माझ्या पगारातून जाईल. बघ वर्षभर.’ एवढ्या भांडवलावर मी निघाले.

या धंद्यात शिरायला परीक्षा द्यावी लागते हे ऐकून मला धीर आला, कारण परीक्षा देणं ही एक गोष्ट मला नक्की येते. रेरा, म्हणजे घरबांधणी आणि विक्रीच्या व्यवहारांवर नियमन आणणारा कायदा, २०१६ चा. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी करणाऱ्या महारेराचं काम १ मे २०१७ पासून सुरू झालं. एजंटाला नोंदणी तेव्हापासूनच सक्तीची होती, पण २०२३ मध्ये महारेराने त्यापुढे पाऊल टाकलं: २० तासांचं प्रशिक्षण, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र आणि त्यानंतर नोंदणी. एकट्या व्यक्तीला नोंदणीची फी दहा हजार रुपये, मुदत पाच वर्षं. माझ्याबरोबर शिकणाऱ्यांत पंचवीस वर्षं हाच धंदा केलेले एक काका होते. ते दर थोड्या वेळाने म्हणायचे, ‘हे असं असतं होय!’

मलाही बऱ्याच गोष्टी पहिल्यांदाच कळत होत्या. कायद्यातलं कार्पेट क्षेत्र म्हणजे फ्लॅटच्या आतलं वापरता येणारं क्षेत्र. आतल्या भिंती त्यात धरायच्या. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची धरायची नाही. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करायचे. प्रकल्पाची नोंदणी होण्याआधी त्याची जाहिरात करायची नाही, बुकिंग घ्यायचं नाही. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड हवा. तो स्कॅन केला की प्रकल्पाची महारेराकडची माहिती उघडते. मला हे सगळं एखाद्या चांगल्या स्पेसिफिकेशनसारखं वाटलं. काय असायला हवं ते लिहिलेलं आहे, आता फक्त तपासायचं.

वाकडमधल्या एका एजन्सीत मी रुजू झाले. रुजू म्हणजे टेबल आणि खुर्ची मिळाली. पगार नाही, फक्त दलालीत वाटा. तिथले सर धंद्यात मुरलेले. माझं प्रमाणपत्र त्यांनी प्रेमाने हातात घेतलं, फाइलला लावलं आणि म्हणाले, ‘छान. आता विक्री शिका.’

पहिला गोंधळ व्हिजिटिंग कार्डावरून झाला. त्यावर माझ्या नावाखाली ‘इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझर’ छापून आलं होतं. मी म्हटलं, गुंतवणूक सल्लागार म्हणवून घ्यायला सेबीची नोंदणी लागते. सर म्हणाले, ‘ती शेअरवाल्यांना. फ्लॅटला कुठली सेबी?’ म्हणजे कुणाला शेअर घ्यायचा सल्ला फी घेऊन द्यायचा तर परवाना हवा, आणि एखाद्याची आयुष्यभराची पुंजी एका फ्लॅटमध्ये घालायला सांगायची तर परवान्याचा प्रश्नच नाही. मी कार्ड बदलून ‘प्रॉपर्टी कन्सल्टंट’ करून घेतलं, पण ही तफावत डोक्यातून गेली नाही.

मग उतरंड समजून घ्यावी लागली. बिल्डरकडे एक सोर्सिंग मॅनेजर असतो. तो आमच्यासारख्या एजंटांना सांभाळतो. आम्ही ‘चॅनल पार्टनर’, बोलताना नुसतं ‘सीपी’. ग्राहक साइटवर आला की क्लोजिंग मॅनेजर त्याचा ताबा घेतो. आमचं काम ग्राहक दारात आणून सोडायचं. त्याआधी त्याचं ‘टॅगिंग’ करायचं, म्हणजे नाव आणि मोबाइल नंबर बिल्डरला कळवून टाकायचा. मग काही दिवसांपुरता तो ग्राहक आपल्या नावावर. मी ज्यांना चार-चारदा फिरवलं, अशा एका जोडप्याचं टॅगिंग दुसऱ्याच एका एजंटाने आधी करून ठेवलं होतं. त्यांचा नंबर त्याला कुठल्याशा पोर्टलवरून मिळाला होता आणि तो त्यांना कधी भेटलाही नव्हता. दलाली त्याला गेली. मी तक्रार केली तर सोर्सिंग मॅनेजर म्हणाला, ‘मॅडम, सिस्टीममध्ये त्याचं नाव आहे.’ सिस्टीममध्ये आहे तेच खरं, हे वाक्य आयटीत मी स्वतःच किती जणांना ऐकवलं होतं!

सॅम्पल फ्लॅटची तऱ्हा वेगळी. पर्समध्ये टेप ठेवायची सवय मी लावून घेतली आहे. एका ठिकाणी बेडरूम फार ऐसपैस वाटली, म्हणून पलंग मोजला. लांबी पावणेसहा फूट. माझ्या नवऱ्याचे पाय बाहेर आले असते. खोल्यांना दारंच लावलेली नव्हती, त्यामुळे दार उघडलं की कपाटाला आपटेल का, हा प्रश्नच निघत नव्हता. खिडकीच्या जागी दिवे लावलेला हिरव्या डोंगराचा फोटो. मी हे क्लोजिंग मॅनेजरला सांगितलं, तेव्हा तो हसला. ‘मॅडम, तुम्ही आमच्या बाजूच्या की त्यांच्या?’ प्रश्न रास्त होता. दलाली बिल्डर देतो, साधारण किमतीच्या दोन टक्के. विश्वास मात्र ग्राहकाने ठेवायचा असतो.

या धंद्यात आकडे मांडणारी माणसं कमी का, त्याचं उत्तर मला माझ्याच एक्सेल शीटमुळे मिळालं. एक मध्यम नमुना घेऊ. पुनावळे-ताथवडे भागात बांधकाम चालू असलेला, ८० लाखांचा दोन बेडरूमचा फ्लॅट. जीएसटी ५ टक्के, म्हणजे ४ लाख. मुद्रांक शुल्क मेट्रोचा अधिभार वगैरे धरून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी ३० हजार. बेरीज ८९ लाख ९० हजार. पंखे, गिझर, किचन ट्रॉली, पडदे वेगळे.

आता भाडं. महिना २४ हजार धरलं तर वर्षाचे २ लाख ८८ हजार. भाडेकरू बदलताना एक महिना फ्लॅट रिकामा राहिला तर २४ हजार गेले. सोसायटीचा मेन्टेनन्स महिना साडेतीन हजार, वर्षाचे ४२ हजार. मालमत्ता कर १४ हजार धरा. रंग, प्लंबर, लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी आणि एजंटाची दलाली मिळून २२ हजार. हातात उरले १ लाख ८६ हजार. जवळजवळ ९० लाखांवर हे दोन टक्क्यांच्या जरासेच वर. त्यावर प्राप्तिकर; भाड्याच्या उत्पन्नावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते म्हणून तो थोडा सुसह्य होतो, इतकंच. आणि ८० लाखांतले ६४ लाख कर्जाने घेतले, व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षं, तर हप्ता साडेपंचावन्न हजारांच्या आसपास. पहिल्या हप्त्यातले ४५ हजारांहून जास्त नुसतं व्याज. भाडं २४ हजार.

म्हणजे सगळा भरवसा किंमत वाढण्यावर. ८० लाखांचा फ्लॅट विकून घातलेले पैसे नुसते परत मिळवायचे तरी त्याची किंमत सव्वाबारा टक्क्यांहून जास्त वाढायला हवी. त्यातून बांधकाम चालू असतानाच विकायला काढलात तर तुमची स्पर्धा खुद्द बिल्डरशी. त्याच इमारतीतले न विकले गेलेले फ्लॅट तो दिवाळीत मोड्युलर किचन फुकट देऊन विकत असतो. दोन वर्षांनंतर विकून नफा झाला, तर तो दीर्घ मुदतीचा भांडवली नफा. जुलै २०२४ च्या बदलानंतर त्यावर साडेबारा टक्के कर, महागाईची वजावट न मिळता. त्या बदलाआधी घेतलेल्या घरांना जुन्या पद्धतीचा पर्याय आहे. नवीन घेणाऱ्याला नाही.

शीट मी सरांना अभिमानाने दाखवली. त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. ‘बरोबर आहे,’ ते म्हणाले. ‘सगळं बरोबर आहे. ग्राहकाला दाखवू नका.’

‘का?’

‘कारण हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.’

तेव्हा उलगडा झाला. आकडे येणारी माणसं इथे भरपूर आहेत. ती आकडे बोलत नाहीत, एवढंच. आमच्या ऑफिसात ‘गेल्या पाच वर्षांत दर इतका वाढला’ हे सांगितलं जातं. पाच वर्षांचं व्याज, मेन्टेनन्स आणि कर त्या वाक्यात कधी येत नाहीत. येणाऱ्या गोष्टी मात्र आजच आल्यासारख्या सांगितल्या जातात. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. माझ्या हाती आलेल्या ब्रोशरांमध्ये ती केव्हाच धावू लागली आहे आणि अगदी गेटसमोर थांबते आहे.

मी हट्टाने शीट दाखवत राहिले. लोक त्याकडे बघून काय करतात, हे माझ्यासाठी दुसरं शिक्षण ठरलं. बहुतेक जण शीट बघून घाबरत नाहीत. ते ती वाचतात, मान डोलावतात आणि ‘पण वाढेल ना?’ असं पुन्हा विचारतात. मी चक्रावून जायचे. आयटीत टेस्ट फेल झाली की रिलीज थांबतो. इथे टेस्ट फेल झाल्यावर बुकिंगचं टोकन दिलं जातं.

माण-मारुंजीकडचे एक शेतकरी आले होते. शेतकरी म्हणजे पूर्वीचे. आयटी पार्क आलं, आजूबाजूला इमारती उठल्या आणि त्यांची जमीन तुकड्यातुकड्याने गेली. त्यांना भाड्याने द्यायला दोन फ्लॅट हवे होते. शीट त्यांनी नातवाकडून वाचून घेतली आणि म्हणाले, ‘ताई, तुमचा हिशोब चोख आहे. पण पहिल्या जमिनीचा पैसा बँकेत ठेवला होता. दोन लग्नं आणि एक मोठी गाडी, संपला. बँकेत पैसा आहे म्हटलं की घरातल्या प्रत्येकाला काम निघतं. भिंत कोण मागायला येत नाही.’ त्यांना दोन टक्के मिळणार होते आणि ते पुरेसे होते, कारण जे जाऊ नये म्हणून ते धडपडत होते, ते माझ्या शीटमध्ये कुठल्याच रकान्यात नव्हतं.

न्यू जर्सीचं एक मराठी जोडपं होतं. व्हिडिओ कॉलवर फ्लॅट बघायचे, त्यांच्या रात्री, माझ्या सकाळी. त्यांना पुण्यात परत यायचंय की नाही यावर कॉलवरच त्यांची धुसफूस चालायची आणि फ्लॅट ही त्यातली तडजोड होती. त्यांना मी शीटपेक्षा नियम सांगितले. परदेशस्थ भारतीयाला फ्लॅट घेता येतो. शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. भाडेकरूने त्यांना भाडं देताना उगमावर कर कापायचा असतो, हे इथल्या बहुतेक भाडेकरूंच्या गावीही नसतं. पुढे फ्लॅट विकतील तेव्हा खरेदीदाराला कर कापावा लागेल तो नेहमीच्या एक टक्क्याने नाही, बराच जास्त. म्हणून गिऱ्हाईक बिचकतं. एवढं ऐकून तो म्हणाला, ‘हे आजवर कुणीच का सांगितलं नाही?’ ती म्हणाली, ‘घेऊ नको म्हणजे!’ आणि पुन्हा त्यांचं सुरू झालं.

आयटीतलं एक जोडपं आलं, माझ्याच जुन्या दुनियेतलं. फ्लॅट बाईंच्या नावावर घ्यायचा होता, कारण महाराष्ट्रात घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ८० लाखांवर ८० हजार वाचतात. पण क्लोजिंग मॅनेजर तासभर फक्त साहेबांशी बोलला. मालकीणबाईंना त्याने एकच प्रश्न विचारला, ‘मॅडम, किचन आवडलं का?’ मी मधे बोलायला लागले तर तो मलाही पाणी विचारून गेला.

रोख रक्कम घेऊन येणारेही असतात. ‘थोडं कॅशमध्ये जाईल का?’ हा प्रश्न आवाज खाली करून विचारतात. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर प्राप्तिकर कायद्यात बंदी आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, हे मी मोठ्या आवाजात सांगते. तो ग्राहक जातो. सर काही बोलत नाहीत, पण पंख्याकडे बघतात.

एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी मला सगळ्यात अडचणीत टाकलं. शीट वाचून त्यांनी चष्मा काढला. ‘बाई, मला भाड्याचं उत्पन्नच हवंय तर रीट का नको?’ प्रश्न बिनचूक होता. रीट म्हणजे मोठमोठ्या ऑफिस इमारती किंवा मॉल यांचे वाटे शेअर बाजारात विकत घेणं. भारतातलं पहिलं एम्बसी ऑफिस पार्क्स रीट एप्रिल २०१९ मध्ये शेअर बाजारात नोंदलं गेलं. त्यानंतर माइंडस्पेस, ब्रुकफिल्ड आणि मॉलवालं नेक्सस सिलेक्ट आलं. एक युनिटसुद्धा घेता येतं, हवं तेव्हा विकता येतं, भाडेकरूचा नळ गळत नाही. भावात चढउतार होतो, तो मात्र रोज डोळ्यांना दिसतो. फ्लॅटचा भाव रोज कुणी सांगत नाही, म्हणून तो स्थिर वाटतो. मी त्यांना म्हटलं, ‘त्याचा सल्ला द्यायची नोंदणी माझ्याकडे नाही, आणि त्यातून मला एक रुपयाही मिळत नाही. या दोन गोष्टी लक्षात घेऊन माझ्या फ्लॅटच्या शिफारशीकडे बघा.’ ते हसले आणि गेले. त्यांनी काय घेतलं, कोण जाणे. पण महिन्याभराने त्यांच्या पुतणीला त्यांनी माझ्याकडे पाठवलं. तिला राहायला घर हवं होतं.

फ्लॅट निदान डोळ्यांना दिसतो. प्लॉट हे वेगळंच शास्त्र. शहराबाहेर एखादी कमान, चुना मारलेले दगड, दोन नारळाची रोपं आणि ‘एन.ए. प्लॉट, विमानतळापासून १० मिनिटं’. पुरंदरचा विमानतळ २०१६ मध्ये जाहीर झाला. सात गावांतली जमीन जाणार म्हणून गावकऱ्यांनी विरोध केला. प्लॉटविक्री मात्र धावपट्टीची वाट बघत थांबली नाही. इथे मोजमाप गुंठ्यात. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. मला हे मुलाच्या गणिताच्या पुस्तकाइतकंच दूरचं वाटायचं.

एका निवृत्त तलाठ्यांनी मला सातबारा वाचायला शिकवला. गाव नमुना सातमध्ये मालकी आणि हक्क, बारामध्ये पिकं. आधी भूधारणा बघायची: भोगवटादार वर्ग दोन लिहिलं असेल तर सरकारच्या परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही. मग ‘इतर हक्क’चा रकाना: कुळ, बँकेचा बोजा, विहिरीचा वाटा, कोर्टाचा दावा, सगळं तिथे दडलेलं. मग फेरफार एकामागून एक मागे नेत जायचे. शेतजमीन असेल तर खरेदीदार स्वतः शेतकरी आहे का, हा पहिला प्रश्न. महाराष्ट्रात नसेल तर परवानगीशिवाय घेता येत नाही. बिनशेती, म्हणजे एन.ए., म्हणत असतील तर आदेशाची प्रत कुठाय? आणि एकाच सातबाऱ्यावर डझनभर अनोळखी नावं चढवून गुंठा-गुंठा विकला असेल, तर हात जोडून परत यायचं, कारण तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. मला हे शिकताना जुन्या नोकरीची फार आठवण आली. बदलांची नोंद, तारीख, कोणी केला, कशाच्या आधारे, आणि मधली एखादी नोंद गायब. फेरफार वाचताना मी या धंद्यात पहिल्यांदा निर्धास्त होते.

‘खात्रीचं भाडं’ हा आणखी एक प्रकार. व्यापारी संकुलातलं दुकान घ्या, तीन वर्षं इतके टक्के भाडं बिल्डर देणार. एका ठिकाणी मी शेजारच्या इमारतीतल्या तशाच दुकानाचा दर काढला. ‘खात्रीचं भाडं’ देणाऱ्याचा दर इतका चढा होता, की त्या फरकातूनच तीन वर्षांचं भाडं निघत होतं. ग्राहकाला त्याचेच पैसे हप्त्याहप्त्याने परत मिळणार होते, आणि चौथ्या वर्षी दुकानाला खरा भाडेकरू शोधण्याचं काम त्याच्याकडे येणार होतं. सरांना दाखवलं. ते म्हणाले, ‘त्यावर दलाली चार टक्के आहे.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘म्हणूनच आहे.’

कमाईचं सांगायचं तर व्यवहार ठरला म्हणजे पैसे आले असं नाही. ग्राहकाने ठरावीक रक्कम भरायला हवी, करार नोंदवला जायला हवा, बँकेचं कर्ज सुटायला हवं. मग आमचं बिल जातं आणि बिल्डरच्या सवडीने फिरतं. दोन टक्के उद्गम कर कापला जातो. ग्राहक अर्धी दलाली परत मागतो, एजन्सी तिचा वाटा घेते. भविष्य निर्वाह निधी नाही, फॉर्म सोळा नाही, शनिवार-रविवार नाही, कारण सगळे ग्राहक त्याच दिवशी मोकळे असतात. पहिला चेक आला तेव्हा सासूबाईंनी तो हातात घेऊन विचारलं, ‘आता पुढचा कधी?’ आयुष्यात इतका अचूक प्रश्न मला एकाही प्रोजेक्ट मॅनेजरने विचारला नव्हता.

वर्षभर बघ म्हटलं होतं, ते वर्ष संपलं. पगारापुढे ही कमाई अजून लहान आहे. खोट काढायची सवय गेलेली नाही, आणि ती घालवायची नाही असं मी ठरवलं आहे. ज्यांनी शीट बघून ‘नको’ म्हटलं, ते निघून गेले. पण ज्यांनी शीट बघूनही घेतलं, त्यांनी आपलं कारण ओळखून घेतलं: कुणाला पैसा घरच्यांपासून वाचवायचा होता, कुणाला परतीचं दार उघडं ठेवायचं होतं, कुणाला निवृत्तीनंतर राहायचं होतं. यातल्या एकानेही नंतर फोन करून मला शिव्या दिलेल्या नाहीत. फक्त ‘वाढेल ना?’ एवढ्यावर घ्यायला आलेल्याला मी आता स्पष्ट सांगते की मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं जो म्हणतो त्यालाही माहीत नाही.

तुम्हीही कधीतरी ‘इन्व्हेस्टमेंटसाठी बघतोय’ म्हणत एखाद्या ऑफिसात शिराल. बसण्याआधी एजंटाचा महारेरा नोंदणी क्रमांक विचारा. जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्वतः स्कॅन करून ताब्याची तारीख आणि चालू असलेले दावे वाचा. सगळे कर धरून होणारी पूर्ण किंमत आणि सगळे खर्च वजा करून उरणारं भाडं, एका कागदावर लिहून मागा. या व्यवहारात त्याला किती मिळणार आणि कोण देणार, हे सरळ विचारा. या प्रश्नांचा ज्याला राग येईल, त्याच्याकडून काही घेऊ नका. मला आला, तर माझ्याकडूनही नको.